ओगुरांची लेन्स आणि मुरोगांचा खंड्या

कचरा कोणत्या वारी टाकायचा हे ज्या कागदावर छापलेलं असतं, तो कागद घरातून काढून टाकता येत नाही. माणूस भावाशी बोलणं तोडू शकतो, दारू सोडू शकतो, फार झालं तर भातही कमी करू शकतो. पण शिमोहारा आळीत राहून कचऱ्याचे वार विसरू शकत नाही. जळणारा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी, बाटल्या दुसऱ्या बुधवारी, जुनी वर्तमानपत्रं सुतळीनं बांधून चौथ्या शनिवारी. चुकीच्या वारी पिशवी ठेवली तर गाडीवाला तिच्यावर लाल चिठ्ठी चिकटवतो आणि ती तिथेच सोडून जातो. मग ती कोणाची पिशवी, हे आळीतल्या मांजरांनासुद्धा संध्याकाळपर्यंत कळतं.

हे सगळे वार आळीच्या मंडळाच्या कॅलेंडरवर असतात. कॅलेंडर म्हणजे एकच मोठा कागद. खाली बारा महिने, वर एक रंगीत फोटो. दर नोव्हेंबरात सार्वजनिक सभागृहात फोटो मांडतात, घरटी एक मत पडतं, आणि जो फोटो जिंकेल तो एकशे तीस घरांच्या भिंतींवर वर्षभर टांगलेला राहतो. गेली तीन वर्षं तो फोटो मुरोगांचा होता. तिन्ही वर्षं देवळामागच्या तळ्यावरचा खंड्या. एकदा बसलेला, एकदा उडणारा, एकदा चोचीत मासा धरून पाण्यातून वर येणारा.

तेइझो ओगुरांच्या घरी हे कॅलेंडर जेवणघरात, त्यांच्या जागेच्या बरोबर समोर होतं.

"दुसरीकडे लावता येणार नाही का?" त्यांनी एकदा विचारलं.

"खिळा तिथे आहे," फुमिए म्हणाली.

"खिळा काढता येतो."

"वीस वर्षं आहे तो तिथे. आज काय झालं त्याला?"

खिळ्याला काहीच झालं नव्हतं. ओगुरांना झालं होतं. रोज सकाळी मिसो सूपचा वाडगा तोंडाला लावला की काठावरून समोर मुरोगांचा खंड्या. सूप गिळायचं, आणि त्याबरोबर आणखीही बरंच काही गिळायचं.

मुरोगा एखादे मोठे छायाचित्रकार असते तर ओगुरांनी हार मानली असती. पण मुरोगा म्हणजे टोफूवाले. उभा जन्म सोयाबीन भिजवण्यात आणि टोफूच्या वड्या पाण्यात सोडण्यात गेलेला. तीन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं, तेव्हा ते स्वतः ओगुरांच्या दारात आले होते. सोबत तळलेल्या टोफूचं पुडकं. "ओगुरासान, तुम्ही भिंगांतले जाणकार. मला फोटो काढायचेत म्हणतो. कोणती लेन्स घेऊ?"

आणि ओगुरांनी, देव त्यांचं भलं करो, खरं सांगितलं. स्वतःकडे होती तीच लेन्स सांगितली. मांडीएवढी लांब, कलिंगडाएवढी जड, तळ्यापलीकडच्या पाखराच्या पापण्या मोजता येतील अशी.

ओगुरा एकेचाळीस वर्षं याच गावच्या कारखान्यात भिंगं घासत होते. नुसतं बोट फिरवून काच कुठे एक केसभर उंच आहे ते सांगायचे. नवीन पोरं मोजायचं यंत्र घेऊन यायची, आणि यंत्र शेवटी ओगुरांच्या बोटाशी सहमत व्हायचं. असा माणूस तळ्याच्या अलीकडे बसायचा, पलीकडे टोफूवाला बसायचा. लेन्स तीच, कॅमेरा तोच, पक्षीही तोच. आणि मतं मात्र टोफूवाल्याला.

तिसऱ्या पराभवाच्या दिवशी घरी येताना ओगुरांनी सहज विचारलं, "आपल्या घराचं मत तू कुणाला दिलंस गं?"

"मुरोगांना," फुमिए म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही. बऱ्याच संसारांत हा गुण समजतात. "तुमचाही छान होता. पण खंड्याचा चेहरा जरा धूसर वाटला. मला वाटलं, माझ्याच चष्म्यावर वाफ आलीय."

त्या रात्री जेवताना ओगुरांचं लक्ष ताटात नव्हतं. ते हिशेब करत होते. लेन्स सारखी, तळं सारखं, पक्षी सारखा. मग फरक कुठे आहे? कारखान्यात दोन भिंगं सारखी निघाली नाहीत की ते असाच हिशेब करायचे. एकेक गोष्ट बाजूला काढत जायचं, शेवटी उरेल ते कारण. काढत काढत शेवटी एकच गोष्ट उरली.

खोळ.

मुरोगांच्या लेन्सला त्यांच्या बायकोनं, किकुएनं, कापडाची खोळ शिवून दिली होती. झाडीच्या रंगाची, अंगाबरोबर बसणारी. तळ्यावरचे सगळे तिचं कौतुक करायचे. ओगुरांची लेन्स उघडी, पांढरीशुभ्र. खंड्याला दुरून ती तोफ वाटत असणार! पक्षी मुरोगांकडे निर्धास्त बघतो आणि ओगुरांकडे पाठ करून बसतो, यात नवल ते काय?

"मला खोळ शिवून दे," त्यांनी फुमिएला सांगितलं.

"कसली?"

"लेन्सला. मुरोगांच्या बायकोनं शिवलीय तशी. पण तिच्यापेक्षा घट्ट. त्यांच्या खोळीला पुढच्या बाजूला एक सुरकुती पडते, मी पाहिलीय. आपल्याला सुरकुती नको."

फुमिएनं तीन आठवडे घेतले. झाडीच्या रंगाचं कापड गावात मिळेना, तेव्हा तिनं पेटीतून तिच्या आईचा जुना किमोनो काढला. शेवाळी रंग, त्यावर आलुबुखाराची बारीक फुलं. कात्री लावण्याआधी ती बराच वेळ त्यावरून हात फिरवत बसली होती. ओगुरांनी ते पाहिलं, पण त्यांच्या डोक्यात तेव्हा सुरकुती होती. खोळ तयार झाली ती अशी, की लेन्स घालताना दोघांना जोर करावा लागला. पोळीवर तूप बसावं तशी ती बसली.

"घट्ट होतेय का?" फुमिएनं विचारलं.

"घट्टच हवी," ओगुरा म्हणाले, आणि त्यांना त्या वर्षातला पहिला आनंद झाला.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी ते तळ्यावर गेले. काठाला पातळ बर्फ होता. मंडळी आधीच कॅमेऱ्यांखाली तीनपायी लावून बसली होती. मधे त्सुजिमुरा गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, जे तळ्यावरही हजेरी घेतल्यासारखे बघत. त्यांच्या शेजारी नेमोतो, आयुष्यभर नगरपालिकेच्या पाणी खात्यात होते, त्यामुळे तळ्यातलं पाणी त्यांना आपलंच वाटे. पलीकडच्या टोकाला मुरोगा.

"ओगुरासान, फुलंबिलं!" नेमोतो ओरडले. "लेन्स लग्नाला निघाली की काय?"

"पक्ष्याला झुडूप वाटावं म्हणून आहे ते," ओगुरा म्हणाले.

"जानेवारीत फुललेलं झुडूप? पक्षी म्हणेल, मीच ऋतू चुकलो."

खंड्या आला. काठीवर बसला. ओगुरांनी बटण दाबलं. लेन्स एरवी 'झुर्र' असा बारीक आवाज करून फोकस धरायची; ती गप्प. त्यांनी पुन्हा दाबलं. गप्प. समोर एक निळा डाग थरथरत होता, कुणी ओल्या कागदावर शाई सांडावी तसा. तळ्याच्या पलीकडून मुरोगांच्या कॅमेऱ्याचा आवाज आला, टक टक टक टक, आणि खंड्या मासा घेऊन गेला.

घरी आल्यावर फुमिएनं खोळ काढून दोरीवर वाळत घातली. तळ्यावरून आलेलं कापड ओलंच पेटीत ठेवायचं नाही, हा तिचा नियम. ओगुरांनी उघडी लेन्स खिडकीत धरली. झुर्र! समोरच्या छपरावरची कौलं स्पष्ट. झुर्र! विजेच्या तारेवरचा कावळा स्पष्ट. रागावलेला कावळा होता. त्याचा रागही स्पष्ट.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर, गप्प. घरी, झुर्र. तिसऱ्या दिवशीही तेच.

आता तळ्यावर लेन्स बिघडली ही गोष्ट पाच मिनिटांत सगळ्यांना कळते, आणि सहाव्या मिनिटाला सल्ले सुरू होतात. ज्याची लेन्स चालत असते त्याला फुकटचा वेळ फार.

"थंडी," त्सुजिमुरा गुरुजी म्हणाले. "बॅटरी काखेत ठेवा. रात्रभर. सकाळी काखेतून काढून थेट कॅमेऱ्यात."

ओगुरांनी रात्रभर काखेत बॅटरी धरली. सकाळी हात वर होईना. लेन्स गप्प.

"पितळी टाचण्या असतात ना लेन्सच्या बुडाशी," नेमोतो म्हणाले, "त्यांच्यावर मळ बसतो. शाळकरी खोडरबरानं घासा. आणि तेही जमलं नाही, तर पुजाऱ्याकडून कॅमेऱ्यावरून झाडणी फिरवून घ्या. माझ्या मेहुण्यानं गाडीवरून फिरवून घेतली होती."

"मग?"

"मग गाडी विकली त्यानं. पण विकेपर्यंत चालत होती."

खोडरबर झालं. झाडणीही झाली, कारण देऊळ तळ्याच्या शेजारीच होतं आणि जाता जाता विचारायला काय हरकत. पुजाऱ्यानं कागदी पट्ट्यांची काठी लेन्सवरून डावी-उजवीकडे हलवली आणि लेन्सचं नाव विचारलं. ओगुरांनी लेन्सचा क्रमांक सांगितला. पुजाऱ्यानं तो गंभीरपणे मंत्रात बसवला. लेन्स गप्प.

शेवटी मुरोगा स्वतः तळ्याला वळसा घालून आले. लुटूलुटू चालणारा, गोल चेहऱ्याचा, नेहमी नुकतीच आंघोळ केल्यासारखा दिसणारा माणूस.

"ओगुरासान, फोकस होत नाही म्हणे?"

"होईल."

"हातानं फिरवून बघा की. ते रबरी कडं आहे ना, ते."

ओगुरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आपोआप फोकस धरणारी लेन्स हातानं फिरवा! भिंगं घासणाऱ्याला टोफूवाला सांगतोय, हातानं फिरवा! म्हणजे ज्याची मोटार बंद पडली त्याला, ढकला की, असं म्हणण्यातलाच प्रकार. ओगुरा वाकून "आभारी आहे" म्हणाले. ते इतके वाकले की मुरोगांना त्यांचं तोंड दिसलं नाही, आणि ते बरंच झालं. नंतर कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी कडं फिरवून पाहिलं, पण रागाच्या भरात ते दर वेळी पुढेच निघून जाई, आणि खंड्या काही त्यांचा राग शांत होईपर्यंत बसून राहणार नव्हता.

एक मात्र त्यांनी पक्कं ठरवलं. मार्चच्या अखेरीपासून खंड्या मादीला मासा देतो. वर्षातून मोजून चार-सहा सकाळी. नर मासा उलटा करून, त्याचं डोकं पुढे करून मादीच्या चोचीत घालतो, म्हणजे खवले तिच्या घशात अडकू नयेत. तो क्षण अजून मुरोगांनाही मिळालेला नव्हता. तो यंदा आपल्याला मिळाला पाहिजे. नाहीतर चौथं वर्ष. सूप आणि खंड्या.

त्यांनी टोकियोला कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात जायचं ठरवलं.

दुरुस्तीला द्यायची वस्तू स्वच्छ करून द्यावी, हे ओगुरांना आईनं शिकवलेलं. ती तर चाकू धार लावायला द्यायचा तरी आधी धुऊन द्यायची. त्यांनी लेन्सवरची खोळ काढली. परक्या माणसासमोर सासूच्या किमोनोचं कापड कशाला? काच पुसली, अंग पुसलं, बुडाच्या टाचण्या पुसल्या, आणि लेन्स रेशमी रुमालात गाठ मारून बांधली. गाडीत तीन तास ती मांडीवर होती. समोरच्या बाईनं वाकून नमस्कार केला. तिला अस्थी वाटल्या असाव्यात.

खिडकीवरच्या मुलीचं नाव आइझावा. तिनं रुमाल दोन्ही हातांनी घेतला, गाठ सोडली, लेन्स कॅमेऱ्याला लावून भिंतीवरच्या चित्राकडे धरली. झुर्र.

"इथे चालतेय," ओगुरा म्हणाले. "तळ्यावर चालत नाही."

"कोणत्या तळ्यावर, साहेब?"

"आमच्या."

तिनं अर्जात लिहिलं: दोष फक्त ग्राहकाच्या तळ्यावर आढळतो. मग आतून एक तंत्रज्ञ आला, मग त्याचा वरिष्ठ आला, सगळ्यांनी झुर्र करून पाहिलं आणि सगळे वाकले. ओगुरांना भांडायचं होतं. पण भांडायला समोर तोंड लागतं. इथे नुसत्या पाठी दिसत होत्या. कागद मिळाला: तपासणी केली, दोष आढळला नाही.

फेब्रुवारीत ते पुन्हा गेले. लेन्स दोन आठवडे तिथे ठेवली. तिला थंड पेटीत ठेवलं, दमट पेटीत ठेवलं, हलवलं. सतरा चाचण्या, सतराही पास. एवढे गुण ओगुरांच्या मुलालाही कधी मिळाले नव्हते. लेन्स घरी आली. फुमिएनं खोळ चढवायला मदत केली. तळ्यावर, गप्प.

"तळ्याचंच काहीतरी आहे," नेमोतो काळजीनं म्हणाले. "पण पाणी चांगलं आहे हो. मी स्वतः बघितलंय."

ओगुरा मनात म्हणाले, तळ्याचं नाही, माणसाचं आहे. पलीकडे बसलेल्या माणसाची नजर. एरवी ते असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारे नव्हते. पण मत्सर झालेला माणूस कशावर विश्वास ठेवील ते सांगता येत नाही. त्याला फक्त मुरोगांचा दोष निघेल असं काहीही चालतं.

मार्चच्या वीस तारखेला आइझावाबाईंनी फोनवर सांगितलं, "साहेब, एक विनंती आहे. या वेळी पुसू नका. बांधू नका. तळ्यावर जसं वापरता, अगदी तसंच सगळं घेऊन या."

अगदी तसंच म्हणजे अगदी तसंच. ओगुरांना अर्धवट काम माहीत नाही. ते टोकियोच्या त्या चकचकीत इमारतीत चौदा खिशांचं जाकीट, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कानटोपी, तीनपायी, घडीचं स्टूल आणि चहाचा थर्मास घेऊन शिरले. पहारेकऱ्यानं विचारलं, "कुठे?" ते म्हणाले, "तळ्यावर असतो तसा आलोय." प्रतीक्षेच्या दालनात त्यांनी तीनपायी उभी केली, लेन्स चढवली, स्टूलावर बसले आणि कुंडीतल्या झाडाकडे नेम धरला. आणि लेन्सवर होती फुलाफुलांची खोळ.

बटण दाबलं. गप्प.

ओगुरा आनंदानं उठून उभे राहिले. "बघा! बघा! बंद आहे!" दालनातल्या लोकांनी माना वळवल्या. इतक्या समाधानानं आपली वस्तू बिघडलेली दाखवणारा माणूस त्यांनी पाहिला नसावा.

तंत्रज्ञ आला. त्यानं काही विचारलं नाही, नुसता खोळीवरून हात फिरवला, पुढच्या टोकाशी थांबला आणि दोन बोटांनी कापड चिमटीत धरून किंचित उचललं. झुर्र. सोडलं. गप्प. उचललं. झुर्र.

"साहेब," तो अगदी हळू म्हणाला, "लेन्सच्या पुढच्या कड्याभोवती चार रबरी बटणं असतात. कुठलंही एक दाबून धरलं की फोकस जिथल्या तिथे थांबतो. मधे फांदी आडवी आली तर उपयोगी पडतं. आपली खोळ... फार सुंदर आहे... जरा घट्ट आहे. ती चारही बटणं दाबून धरतेय."

ओगुरांना ती बटणं माहीत होती. म्हणजे दिसलेली होती. त्यांना वाटे, पकडायला सोपं जावं म्हणून रबराचे ठिपके दिलेत. माहितीपुस्तक त्यांनी कधी उघडलं नव्हतं. ज्यानं एकेचाळीस वर्षं भिंगं घासली त्यानं लेन्सचं पुस्तक वाचायचं म्हणजे स्वयंपाक्यानं भात कसा खावा हे विचारण्यासारखं.

ते स्टूलावर बसले. पण संकट अजून संपलं नव्हतं. आइझावाबाई अर्ज घेऊन आल्या. त्यात 'कारण' असा रकाना होता आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: पत्नीने शिवलेली खोळ.

"हे नको," ओगुरा म्हणाले.

"पण कारण तेच आहे ना, साहेब?"

"आहे. पण असं लिहू नका. हा कागद घरी जाणार. ती वाचणार."

"रागावतील का?"

"रागावली तर बरं. ती माफी मागेल." ओगुरांच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. फुमिए मिठाईचे खोके बांधून निघणार. पहिला खोका या कचेरीत. दुसरा पुजाऱ्याला. मग त्सुजिमुरा, मग नेमोतो, आणि शेवटी, खोका दोन्ही हातांत धरून, मुरोगांच्या दारात. माझ्या शिवणीमुळे आमच्या ह्यांनी तुमच्याबद्दल नको नको ते मनात आणलं, क्षमा असावी. तिला ते कुणी सांगितलेलं नसलं तरी ती सांगणार. तिला सगळं कळतं.

आइझावाबाई आत जाऊन आल्या. "शिवणकामातील त्रुटी?"

"त्रुटी शिवणीत नाही! शिवण उत्तम आहे. घट्ट मीच सांगितली होती."

त्या पुन्हा आत गेल्या. "ग्राहकाच्या सूचनेमुळे?"

"तेही नको."

तिसऱ्या खेपेला शब्द ठरले: बाह्य आवरणाचा दाब. ओगुरांनी सहीच्या जागी आपला शिक्का मारला, थर्मासमधला चहा आइझावाबाईंना देऊ केला आणि तीनपायी खांद्यावर टाकून तळ्यावरून परतावं तसे परतले.

घरी फुमिए शेजारी गेलेली होती. ओगुरा न्हाणीघरात शिरले, कडी लावली आणि नखं कापायच्या कात्रीनं खोळीला चार भोकं पाडली. कात्री बोथट, कापड सासूचं. भोकं उंदरानं कुरतडल्यासारखी झाली. एका ठिकाणी आलुबुखाराचं अख्खं फूल गेलं. ते फूल त्यांनी खिशात टाकलं. टाकून द्यायचं धैर्य झालं नाही. मग त्यांनी खोळ चढवली आणि पुढे कधी त्या भोकांकडे पाहिलं नाही. आपण फोडलेल्या कुलपाकडे चोर पुन्हा कशाला बघेल?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, पहाटेचं धुकं उठल्यावर, खंड्यानं मादीला मासा दिला. काठीवर ती बसली होती. तो आला, मासा दोनदा आपटला, चोचीत फिरवून डोकं पुढे केलं आणि वाकला. अगदी भेटवस्तू द्यावी तसा वाकला. झुर्र! ओगुरांच्या लेन्सनं दोघांचे डोळे, माशाचा डोळा आणि मधे लोंबणारा पाण्याचा थेंब, सगळं एका दमात धरलं.

त्या दिवशी पलीकडची जागा रिकामी होती. मुरोगा नातवाच्या शाळाप्रवेशाच्या समारंभाला गेले होते.

नोव्हेंबरात ओगुरांना एक्याण्णव मतं पडली. त्यांत फुमिएचं एक. आळीच्या अध्यक्षांनी नाव वाचलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ओगुरांनी पहिल्यांदा मुरोगांकडे पाहिलं. याच क्षणासाठी तर तीन वर्षं सूप गिळलं होतं. टोफूवाल्याचा तो गोल चेहरा पडलेला बघायचा, बस.

मुरोगा सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

ही गोष्ट ओगुरांना फार लागली. जिंकलो, तर ज्याला हरवलं तो हरलाच नाही. एवढ्या मोठ्या मनानं टाळ्या वाजवणं आपल्याला तीनदा जमलं नव्हतं, एकदाही नाही. म्हणजे इथेही तो पुढेच.

दुसऱ्या सकाळी मुरोगा तळ्याला वळसा घालून आले. हातात पुडकं. "तळलेला टोफू. घरी करतो अजून, सवय जात नाही. ओगुरासान, काय फोटो काढलात! मी रात्री किकुएला म्हटलं, थेंबसुद्धा दिसतोय. एक विचारू? हसणार नाही ना?"

"विचारा."

"तुमची लेन्स मधेच ते झुर्र करते, ते काय असतं?"

ओगुरांना प्रश्न कळायला वेळ लागला. "फोकस. आपोआप होतो तो."

"आपोआप?"

"तुमची करत नाही?"

"नाही बुवा."

"कधीपासून?"

"आणली तेव्हापासून." मुरोगा ओशाळून हसले. "मला वाटलं, तुमची वेगळी काहीतरी महाग जोडणी असेल. भिंगवाल्याला असलं बावळट काय विचारायचं, म्हणून गप्प बसलो. मी आपला हातानं फिरवतो. तुम्हाला तेव्हा म्हटलं नव्हतं का, हातानं फिरवा? काठीवर आधीच कडं लावून ठेवायचं आणि पक्षी आला की केसभर पुढे. टोफू जमताना कसं, एक पळ जास्त ढवळलं की फुटतो. बोटाला कळतं."

"खोळ," ओगुरा म्हणाले. "खोळ कधी घातलीत?"

"लेन्स दुकानातून आली त्याच संध्याकाळी. किकुएनं मापं घेऊन शिवूनच ठेवली होती."

ओगुरा स्टूलावर बसले. तीन वर्षं. बसलेला खंड्या, उडणारा खंड्या, पाण्यातून वर येणारा खंड्या. हातानं! बंद पडलेल्या लेन्सनं! आणि आपण, ज्यांच्या बोटासमोर यंत्रं नमली, ते आपण एका झुर्रसाठी तीनदा टोकियोला गेलो. कालपर्यंत त्यांना मुरोगांच्या फोटोंचा हेवा होता. आता मुरोगांच्या बोटांचा होता. हा रोग वाढतो तो असा.

सांगावं की न सांगावं? सांगितलं तर या बोटांना झुर्र मिळणार. मग पुढची वीस वर्षं भिंतीवर कोण असेल ते उघड आहे. ओगुरांनी तळ्याकडे पाहिलं, पुडक्याकडे पाहिलं. पुडकं अजून गरम होतं.

"खोळीमुळे आहे ते," ते एकदाचे म्हणाले. "पुढे चार बटणं असतात, ती दाबली जातात. चार भोकं पाडली की झालं. हे बघा, मी पाडलीत."

मुरोगांनी मान जोरजोरात हलवली. "छे छे! किकुएच्या शिवणीला कात्री? नाही हो. चाललंय ते बरं चाललंय."

ओगुरांनी डोळे मिटून घेतले. नवरा म्हणूनसुद्धा! एवढी एक बाजू राहिली होती, तीही गेली.

"थांबा, थांबा." मुरोगांनी चष्मा नाकावर ओढला आणि खोळीवर वाकले. "कात्री म्हणालात ना? ही नुसती भोकं नाहीत. ही काजं आहेत."

ओगुरांनी डोळे उघडले. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तिकडे नीट पाहिलं. चारही भोकं नाण्यासारखी गोल. कडेनं शेवाळी रेशमाचे टाके, मोहरीएवढे, एकाला एक लागून. जिथे त्यांनी फूल कापून टाकलं होतं, तिथे काजाच्या काठावर बारीक दोऱ्यानं पाच पाकळ्या भरलेल्या. कधी केलं हिनं? वाळत घालताना पाहिलं असणार. एक शब्द बोलली नाही.

"वहिनींनी केलं?" मुरोगा त्या काठावरून बोट फिरवत होते, तेच बोट. "काय हात आहे! आमची किकुए शिवते चांगलं, पण काज म्हटलं की शेजारणीकडे धावते. तीस वर्षं झाली. आणि हे फूल... न सांगता केलं?"

"न सांगता."

"न सांगता," मुरोगा पुन्हा म्हणाले. मग त्यांनी एकदा मागे, आपल्या साध्या झाडीच्या रंगाच्या खोळीकडे पाहिलं, पुढच्या सुरकुतीकडे पाहिलं, आणि परत फुलाकडे. त्यांचा गोल चेहरा ओठांच्या कोपऱ्यांपासून थोडासा ओढल्यासारखा झाला. ते हसले, पण ते हसू गालांपर्यंत पोचेना. ओगुरांना तो चेहरा चांगला ओळखीचा होता. तीन वर्षं रोज सकाळी दाढी करताना त्यांनी तोच केला होता.

"वहिनी... बाहेरचं काम घेतात का हो असलं?" मुरोगांनी विचारलं.

"नाही," ओगुरा लगेच म्हणाले. "वेळ नसतो तिला."

तेवढ्यात खंड्या आला. काठीवर बसला, पाण्यात सूर मारला, मासा घेऊन वर आला, उन्हात निळा धगधगला, मासा दोनदा आपटून गिळला आणि निघून गेला. ओगुरांनी कॅमेऱ्याला हातसुद्धा लावला नाही. मुरोगा अजून त्या फुलाकडे बघत होते, आणि ओगुरा मुरोगांकडे.